८० किलोमीटर म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

देवगडच्या माझ्या आत्येभावाला गेल्या मोसमात आंब्याने हात दिला आणि त्या पैशात त्याने मुंबईहून १९९८ सालची मर्सिडीज एसएलके २३० आणली. दोन सीटची, चंदेरी, बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत बसणारी. आत्या अजून त्याच्याशी धड बोलत नाही, पण तो विषय निराळा. परवा त्याचा फोन आला. "दादा, माका एक सांग. हिका रन-फ्लॅट घालूक व्हये काय? मधीच पंक्चर झाली तर थंय कोण येतलो?"

कुणा टायरवाल्याने त्याला सांगितलं होतं, या टायरांतली हवा गेली तरी गाडी ८० किलोमीटर धावते. मी फोनवर म्हटलं, नको घालू. त्यावर त्याचं लगेच "कित्याक?" आलं. त्या एका शब्दाचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. शिवाय हा प्रश्न मला इतरांनीही विचारून झालाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मी टायरच्या धंद्यातला नाही. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी काढला, मी चालवतो. पण माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून २०१० ची बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे. ती कंपनीतूनच रन-फ्लॅटवर आली होती, मी ते वापरले, आणि पुढे काढून साधे घातले. एवढ्या भांडवलावर आमच्या नातेवाइकांत मी टायरतज्ज्ञ झालोय.

आधी ही वस्तू काय आहे ते. साध्या ट्यूबलेस टायरमध्ये गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा गेली की टायर रिमखाली चेपतो. रन-फ्लॅटमध्ये साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतून उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर असतो. हवा शून्य झाली तरी ती भिंत उभी राहते आणि गाडी पेलते. मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात भिंत दुमडते, सरळ होते, पुन्हा दुमडते, आणि त्यात तापत जाते. म्हणून कंपन्या साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि ८० किलोमीटरपर्यंतच चालवा, असं सांगतात. गाडीत वजन जास्त, डांबर तापलेलं, वेग जास्त, की तो आकडा खाली येतो. टायरवर प्रत्येकाची खूण वेगळी: ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेन्टल एसएसआर, गुडइयर आरओएफ. जुनी गाडी विकत घेताना या खुणा वाचाव्यात, कारण तीन रन-फ्लॅट आणि एक साधा अशी मिसळ असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वळणावर अशी गाडी एका बाजूला एक वागते आणि दुसऱ्या बाजूला दुसरं.

आता ते ८० किलोमीटर. जिथे हे टायर जन्मले तिथे तेवढ्या अंतरात गाव येतं, गावात वर्कशॉप येतं आणि वर्कशॉपात तो टायर असतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतो. आमच्याकडचा नकाशा घ्या. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. देवगडहून कणकवली पन्नासेक. आत्येभाऊ कणकवलीला पोचेल, प्रश्नच नाही. पोचून काय करेल? दुकानात स्विफ्टचे, बोलेरोचे, ट्रकचे टायर रचून ठेवलेले असतात. माझ्या गाडीचा मागचा टायर २५५/३५ आर १८. हा आकडा मी एकदा महामार्गावरच्या एका दुकानात सांगितला, तर मालकाने कागदावर लिहून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "जेसीबीचा काय हो?" म्हणजे त्या ८० किलोमीटरांनी तुम्ही एका अडचणीच्या जागेवरून दुसऱ्या अडचणीच्या जागेवर जाता. दुसऱ्या जागी चहा मिळतो, एवढाच फरक.

आणि तिथवर पोचेस्तोवर तो टायर बहुतेक वेळा संपलेला असतो. हवेविना चाललेल्या रन-फ्लॅटची भिंत आतून किती भाजली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बऱ्याच कंपन्या सांगतात, असा टायर दुरुस्त करू नका, टाकून द्या. एका खिळ्यापायी एवढा महाग टायर भंगारात. तोच खिळा साध्या टायरच्या मधल्या पट्ट्यात घुसला असता, तर हातखंब्याच्या पंक्चरवाल्याने चाक न काढता सुतारी फिरवून, रबराची पट्टी ठोसून चहा थंड व्हायच्या आत मोकळं केलं असतं.

खिळा हा आमच्याकडे मोसमी प्रकार आहे. मार्चपासून जूनपर्यंत आंब्याच्या लाकडी पेट्या ठोकल्या जातात, टेम्पोत भरल्या जातात, आपटल्या जातात. ते बारीक खिळे पावस, आडिवरे, जैतापूर, पडेल या पट्ट्यात रस्त्याकडेला कुठेही पडलेले असतात. आत्येभाऊ स्वतःच पेट्या ठोकून घेतो. त्याच्या गाडीत घुसणारा पहिला खिळा त्याच्याच खळ्यातला असेल, हे मी त्याला सांगून ठेवलंय.

पण खिळ्याचं फारसं मनावर घेऊ नये. कोकणात गाडीचं खरं नुकसान खड्डा करतो. महामार्गाचं चौपदरीकरण एवढी वर्षं चाललं, त्यात खड्ड्यांइतकीच वाईट गोष्ट म्हणजे डांबराच्या तुटलेल्या कडा. साइडपट्टी खचलेली, समोरून एसटी आलेली, आणि तुमचं डावं चाक वीतभर खाली उतरून पुन्हा त्या धारदार कडेवर चढतंय. इथे टायरची भिंत जितकी ताठ, तितका दणका पुढे रिमला जातो. अलॉय रिम लोखंडी नसते. ती वाकते, कधी तिला तडा जातो. रन-फ्लॅट असताना माझी पुढची डावी रिम अशीच वाकली. हवा गेली नाही, टायर शाबूत होता, पण ६० च्या पुढे स्टिअरिंग हाताला मुंग्या आणायला लागलं. कोल्हापूरला उद्यमनगरात रिम सरळ करून घेतली. ओतकामाचं आणि लेथचं गाव ते. तिथला कारागीर रिम फिरवून बघत म्हणाला, टायर वाचला म्हणून रिमने मार खाल्ला. रन-फ्लॅटचं अख्खं शास्त्र त्याने एका वाक्यात सांगितलं.

वजनाचंही बोलायला हवं. टायर बदलले तेव्हा जुना पुढचा आणि नवा पुढचा असे दोन्ही मी कारखान्यातल्या काट्यावर चढवले. रन-फ्लॅट साधारण दोन किलोंनी जड भरला. दोन किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हे वजन स्प्रिंगच्या वरचं नाही, खालचं आहे. गाडीत बसलेला माणूस दहा किलोंनी जाड झाला तर स्प्रिंग ते पोटात घालते. चाकच जड झालं की उंचवट्यावरून उडालेलं ते चाक रस्त्यावर परत यायला उशीर करतं, आणि तेवढ्या वेळात त्या चाकाला पकड नसते. गुळगुळीत रस्त्यावर कळणार नाही. आरे-वारेच्या घाटीत, समुद्राकडे उतरणाऱ्या वळणावर, ठिगळांवर ठिगळं मारलेल्या डांबरावर लगेच कळतं. गाडी वळणाच्या मध्यावर बोटभर बाहेर सरकते. पहिल्या पावसात तांबडी माती रस्त्यावर आली असेल तर बोटभरावर भागत नाही.

इथवरचं सगळं माझ्या गाडीचं, जी रन-फ्लॅट धरूनच घडवलेली होती. आत्येभावाची गाडी त्याहून एक पिढी जुनी आहे. तिच्या स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुश (सांध्यांमधली रबरं) हे सगळं साध्या टायरची लवचीकता गृहीत धरून बसवलेलं आहे. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग असते. ती ताठ केली की तिने खाल्लेले धक्के पुढच्याने खायचे, आणि पुढचं म्हणजे पंचवीस वर्षांचं वाळलेलं रबर. त्या बुशांचा एक संच मागवायचा तर आधी जर्मनीतल्या पार्ट नंबरांचा अभ्यास करावा लागतो, मग कस्टमचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: १९९८ च्या त्या गाडीत टायरमधली हवा कमी झाली हे सांगणारं काहीच नाही. साध्या टायरची हवा गेली तर गाडीच सांगते. स्टिअरिंग जड होतं, गाडी एका अंगाला ओढते, फडफड आवाज येतो. रन-फ्लॅटची गेली तर यातलं काहीच धड जाणवत नाही, बाहेरून टायर पाहिला तरी तो उभाच दिसतो. मग माणूस लांज्याच्या सरळ रस्त्यावर नेहमीसारखा शंभरने जातो, भिंत आतल्या आत भाजत राहते, आणि फुटते ती नेमकी वेगात. आमच्या कारखान्यात अमोनियाच्या कंप्रेसरला दोन गेज आहेत, एक सक्शनचं, एक डिस्चार्जचं. त्यातलं एक बंद पडलं तर कंप्रेसर कितीही मजबूत असो, मी मशीन थांबवतो. रन-फ्लॅट हा मजबूत कंप्रेसर आहे, पण बिनगेजचा.

माझ्या गाडीत ते काम एबीएसच्या, म्हणजे ब्रेकसाठी चाकांचे फेरे मोजणाऱ्या, सेन्सरकडून करून घेतलंय. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, त्यामुळे ते इतरांपेक्षा थोडं जास्त फिरतं, तेवढ्यावरून दिवा लागतो. हवा भरली किंवा टायर बदलले की ते पुन्हा नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर उगाच ओरडतं. जुन्या गाडीला बाहेरून सेन्सर बसवता येतात. ऑनलाइन मिळणारे व्हॉल्व्हच्या टोपीसारखे सेन्सर मात्र आमच्या किनाऱ्यावर घेऊ नयेत. खारी हवा, व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमचा, टोपी दुसऱ्या धातूची. दोन पावसाळ्यांत ती टोपी अशी धरते की काढताना व्हॉल्व्हच हातात येतो. घ्यायचेच तर रिमच्या आत बसणारे घ्यावेत, टायर बदलताना.

रिमचीही एक खोच आहे, ती टायर विकणारा सहसा सांगत नाही. टायरची कड रिमवर जिथे बसते, तिथे आतून एक बारीक उंचवटा असतो. हवेच्या दाबाने टायर त्या उंचवट्याच्या पलीकडे दाबून बसतो. हवा गेल्यावरही कड तिथून घसरू नये म्हणून बीएमडब्ल्यूसारख्यांनी रन-फ्लॅटसाठी हा उंचवटा वाढवलेल्या रिमा वापरल्या. रिमवर आतल्या बाजूला ईएच२ अशी खूण असते. त्या रिमवर साधा टायर खुशाल बसतो. पण साध्या जुन्या रिमवर रन-फ्लॅट घातला, तर हवा गेलेल्या अवस्थेत वळणावर कड सुटणार नाही याची खात्री कोण देणार? माप जुळतं म्हणून टायर विकणारा देईल, तो भाग निराळा. त्याच्या गाडीची मापं, पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६, दोन्ही रन-फ्लॅटमध्ये बनलेली आहेत. बसतील खरेच. पण बसणं आणि शोभणं यात फरक आहे.

गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतः काय केलं हे पाहिलं की गोष्ट आणखी स्पष्ट होते. १९८६ मध्ये पोर्शे ९५९ आली, तेव्हा तिच्यात हवा गेली तरी रिमवरून न सुटणारे टायर होते, आणि त्यांच्याच जोडीला टायरचा दाब मोजणारी यंत्रणा. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये स्टेपनी काढून टाकून रन-फ्लॅट दिले, तिथेही दाब दाखवणारी सोय सोबत. म्हणजे टायर, रिम, सेन्सर, सस्पेन्शन ही एकाच संसाराची माणसं. त्यातलं एक उचलून दुसऱ्याच्या घरात नेलं की पटत नाही. आणि गंमत अशी की बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये जुन्या झेड-फोरची एम आवृत्ती काढली, तेव्हा साध्या झेड-फोरला असलेले रन-फ्लॅट तिच्यातून काढून टाकले आणि डिकीत पंक्चरचं द्रव्य व हवेचा पंप ठेवून दिला. पळण्यासाठी खास बनवलेल्या गाडीला त्यांनी स्वतःचाच माल लावला नाही. मला टायर बदलायचं धैर्य यायला एवढं पुरेसं झालं.

साधे टायर घातल्यावर पहिल्यांदा पावसला गेलो. भाट्याच्या पुलाचे सांधे ओलांडताना एरवी छप्पर आणि डॅशबोर्ड दोघंही बोलायचे. त्या दिवशी छप्पर गप्प होतं. स्टिअरिंग थोडं सैल वाटलं, ते खरं. रन-फ्लॅटची ताठ भिंत स्टिअरिंगच्या पहिल्या इंचाला चटकन उत्तर देते, साधा टायर किंचित विचार करून देतो. ज्याला सपाट ट्रॅकवर गाडी पळवायची, त्याला ते खटकेल. मला पूर्णगडच्या खाडीपर्यंत जायचं होतं. मागचं चाक आधी रस्त्यावरच्या प्रत्येक लांब चिरेमागे धावायचं, तेही थांबलं. टायर बसवतानाची एक सूचना: ३५ किंवा ४० च्या मापाचा, म्हणजे बुटक्या भिंतीचा, टायर पहारीने चढवणाऱ्याकडे नेऊ नका, साधा असो वा रन-फ्लॅट. मशीनला टायरची कड दाबून धरणारा जादाचा हात असतो, तो आहे का विचारा. नसेल तर पुढच्या गावी जा. रिमवर ओरखडा पडून पुढे कडेने हवा झिरपते, ती महिनोन्‌महिने सापडत नाही.

मग पंक्चर झाली तर काय, हा आत्येभावाचा मूळ प्रश्न. त्याच्या डिकीत बारीक स्पेअर चाक आहे, त्यामुळे त्याने निम्मी काळजी सोडून द्यावी. फक्त त्या स्पेअरमध्ये हवा आहे का, हे गाडी घेतल्यापासून त्याने पाहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. माझ्या गाडीत स्पेअरला जागाच नाही. छप्पर उघडं असलं की डिकी १८० लिटरची उरते, त्यात दोन पिशव्या आणि एक फणस. शिवाय पुढचं-मागचं माप वेगळं, मग स्पेअर कुठल्या मापाचा ठेवणार? २०२० च्या जुलैमध्ये आपल्याकडे नियमच बदलला: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर गाडीत स्टेपनी सक्तीची नाही. म्हणून आता कित्येक नव्या गाड्यांत ती दिसतही नाही.

मी ठेवतो ते असं: पट्ट्या आणि सुतारीचं किट, बारा व्होल्टचा पंप, साबणाच्या पाण्याची छोटी बाटली, पक्कड, डोक्याला लावायची बॅटरी. खिळा सापडला की गाडी पुढे-मागे सरकवून तो वर येईल असं करायचं, म्हणजे चाक उतरवायला लागत नाही आणि एवढ्या खाली बसलेल्या गाडीला जॅक कुठे लावायचा हा प्रश्नही टळतो. पट्ट्यांचा रबर दमट हवेत वाळतो, चिकटपणा जातो. दर पावसाळ्यानंतर नवा पुडा घ्यायचा, सायकलच्या दुकानातही मिळतो. द्रव्याची बाटली मी ठेवत नाही. तिची मुदत संपते हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ती एकदा आत ओतली की पुढचा पंक्चरवाला टायर उघडताना आपल्या कुळाचा उद्धार करतो.

साइडवॉल फाटली तर मात्र किटचा उपयोग नाही, हे मान्य केलं पाहिजे. तिथे रन-फ्लॅटवाला हळूहळू घरी पोचेल आणि मी पडेल कॅन्टीनला वडापाव खात कोल्हापूरहून येणाऱ्या फ्लॅटबेडची, म्हणजे गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकची, वाट पाहीन. खाली बसलेल्या गाडीला साधी टोचन लावता येत नाही, पुढचा बंपर सोबत निघून येतो. अशी वेळ येण्याचा धोका मी पत्करलाय, कारण ही गाडी मी दिवसाउजेडी, सुट्टीच्या दिवशी, कुठे वेळेत पोचायचं नसताना काढतो. जुनी दोन सीटची गाडी असते तीच मुळी त्यासाठी.

आत्येभावाला मी रन-फ्लॅट सोडून भलतंच काम लावलं. म्हटलं, टायरच्या बाजूला डीओटी लिहिलंय, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाच. तो बॅटरी घेऊन गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "३४१४!" म्हणजे २०१४ सालचा चौतिसावा आठवडा. टायरवर खाचा अजून भरपूर, नवाकोरा दिसतो, कारण आधीच्या मालकाने गाडी गॅरेजमध्येच ठेवली. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं हेच होतं, टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक होतो, भिंतीवर केसासारख्या चिरा येतात, आणि पावसात पकड संपते. खाचांची कायद्याने लागणारी किमान खोली १.६ मिलिमीटर, तिच्यात हे टायर आरामात पास होतील. पण रत्नागिरी-देवगडच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वरच पाऊस पडतो. त्यात हे म्हातारे टायर घेऊन तो पंक्चरची चिंता करत बसलाय. बीएमडब्ल्यूच्या पुस्तकात सहा वर्षांनी टायर बदला असं लिहिलेलं आहे. मी इतका काटेकोर नाही, पण २०१४ चा टायर हा टायर नव्हे. चार नवे, चांगल्या कंपनीचे, साधे, पावसात चालणारे टायर घाल, आणि उरलेल्या पैशात बुश बघ, असं त्याला सांगितलंय.

एवढं सगळं ऐकून हा माणूस रन-फ्लॅटच्या विरोधात आहे, असा समज होईल. आमच्या घरात रन-फ्लॅट आहेत. माझी बायको भूलतज्ज्ञ आहे. लांजा, राजापूर, संगमेश्वर, कुठूनही रात्री फोन येतो, बाई अडली आहे, सिझेरियन करायचंय, निघा. तिच्याकडे जुनी बीएमडब्ल्यू थ्री-सीरिज आहे, कंपनीतून रन-फ्लॅट, हवेचा दिवा, सगळं जागच्या जागी. माझं टायर-बदलाचं प्रवचन ऐकून तिने एकच विचारलं: "रात्री अडीच वाजता, भर पावसात, वाटुळच्या पुढे मी सुतारी घेऊन बसू?" तिच्या कामाची सगळी गावं रत्नागिरीपासून ८० किलोमीटरच्या आत येतात. हवा गेली तरी ती ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचते, टायरचं काय व्हायचं ते सकाळी होईल. तिच्यासाठी तो आकडा नेमका बसतो. रिमा वाकतात, कंबर बोलते, ते तिने हिशेबात धरलेलं आहे.

मागच्या महिन्यात तिच्या गाडीला चारही नवे रन-फ्लॅट बसवून आणले, कोल्हापूरहून. बिल पाहून मी काही बोलणार होतो, पण ते तिनेच भरलं होतं.